हार घातलेला फोरमन

एका जिवंत माणसाच्या फोटोला मी हार घातला आणि त्याला विचारलं नाही. चूक एवढीच आहे. पुढे जे लिहितो आहे ते ती कशी घडली याबद्दल आहे. त्यामुळे ती लहान होईल अशी माझी अपेक्षा नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी टीव्हीवरच्या एका मराठी विज्ञान-मालिकेचा लेखक होतो. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी, संध्याकाळी आणि रविवारी लेखन. मासिकांतून माझ्या काही विज्ञानकथा छापून आल्या होत्या. त्या वाचून कॉलेजातला एक मित्र आमच्या मुलुंडच्या घरी आला. तो दिग्दर्शक झाला होता. म्हणाला, "सहा माणसं यानात बसून अंतराळात जातात आणि परतीची वाट चुकतात. दर आठवड्याला एक नवा ग्रह. लिहिशील का रे?" मी हो म्हणालो. सुरुवातीला तेरा भाग मंजूर झाले होते. ते संपत आले तेव्हा आणखी तेरा मिळाले, मग आणखी तेरा, असं वाढत गेलं. तेव्हा दूरदर्शनच काय ते होतं आणि त्यात मराठीच्या वाट्याला संध्याकाळचा थोडाच वेळ यायचा. तरी आमची मालिका तीन वर्षांच्या वर चालली.

शूटिंग गोरेगाव पूर्वेला, एका स्टुडिओच्या मागच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हायचं. यान प्लायवुडचं होतं. भिंतींवर अंड्यांचे ट्रे उलटे ठोकून त्यांना चंदेरी रंग मारला होता. बटणं जुन्या रेडिओंची. अंतराळवीरांचे पोशाख रेनकोटच्या कापडाचे, कांदिवलीच्या एका शिंप्याकडून शिवून घेतलेले. त्यातून वारा आत जात नसे आणि घाम बाहेर येत नसे. शॉट संपला की अंतराळवीर धावत शेडबाहेर येत, पोशाख कमरेपर्यंत उतरवून बनियनवर बसत आणि संवादांच्या कागदांनी स्वतःला वारा घालत.

मालिका लांबली की माणसं गळायला लागतात. हे मला लिहायला घेतलं तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आधी यानातली वनस्पतिशास्त्रज्ञ गेली. तिचं लग्न ठरलं आणि ती नाशिकला गेली. मी तिला एका हिरव्या ग्रहावर संशोधनासाठी उतरवलं आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आणली. ही म्हणे पहिल्या दिवसापासून यानातच गोठलेल्या अवस्थेत झोपून होती. लोकांना ते फारसं पटलं नाही, पण त्यांनी चालवून घेतलं. पुढं पहिली मुलगी माहेरी आली, तिनं हौसेनं काम मागितलं, तेव्हा आम्ही यान पुन्हा त्या ग्रहावर नेलं आणि तिला दोन भागांपुरतं घेऊन आलो. मग कप्तान गेला. त्याला हिंदी सिनेमा मिळाला. कप्तानाशिवाय यान चालवता येत नव्हतं, म्हणून मी एक स्फोट लिहिला. दोन भाग कप्तानाचं तोंड पट्ट्यांमध्ये गुंडाळलेलं राहिलं आणि तिसऱ्या भागात पट्ट्या सोडल्या तेव्हा आतून दुसराच नट निघाला. आमच्या सोसायटीतला एकजण मला जिन्यात म्हणाला, "काय हो, स्फोटात त्याची उंची पण जळली वाटतं?" मी हसलो. तेही लोकांनी चालवून घेतलं.

दिग्दर्शक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तू यार माणसं बदलण्यात एक नंबर झालायस." मला ते आवडायचं.

फोरमनचं काम करणाऱ्या नटाला आम्ही सगळे काका म्हणायचो. ते मूळचे मालवणकडचे. घाटकोपरला टेकडीवरच्या एका चाळीत राहायचे. आयुष्य गिरणीत गेलेलं, तरुणपणी दशावतारात सोंगं घेतलेली, नंतर कामगारांच्या नाट्यस्पर्धांत बक्षिसं मिळवलेली. गिरणी बंद पडली तेव्हा वय पन्नाशीच्या पुढं होतं. निवडीसाठी आले तेव्हा मी भूमिका सांगितली, यानाचे मुख्य अभियंता. ते म्हणाले, "इंजिनियर माझ्या तोंडाला शोभायचा नाय. फोरमन कर. तेवढा मी करीन." मी फोरमन केला. रॉकेटच्या इंजिनाला हात लावण्याआधी ते खिशातल्या फडक्यानं हात पुसत. ते मी लिहिलेलं नव्हतं. पहिल्याच शॉटला त्यांनी केलं आणि दिग्दर्शकानं ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या भागापासून लोकांना बाकीच्या पाच जणांपेक्षा फोरमन आवडायला लागला. घाटकोपर स्टेशनबाहेर त्यांना पोरं हाक मारायची, "फोरमन, आज कुठला ग्रह?" ते म्हणायचे, "आज सुट्टी. आज रेशनचो ग्रह."

सेटवर ते मुंबईचं मराठी बोलायचे. मनातलं बोलताना मालवणीवर यायचे.

तिसऱ्या वर्षी ते आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. आधी इस्पितळ, मग घरी महिनोन्महिने झोपून राहायचं. मी घाटकोपरला त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. काकींनी मला चहा दिला. काका खोकला थांबवून म्हणाले, "लेखका, माझी जागा ठेव हां. मी येतलंय परत."

मी म्हणालो, "काका, तुम्ही बरे व्हा. फोरमन कुठं जात नाही. तुमची जागा मी ठेवतो."

"शब्द?"

"शब्द."

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. गिरणी गेल्यानंतर काकांच्या हातात हेच एक काम उरलं होतं, आणि त्या कामाची जागा राखणं माझ्यावर होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

काही आठवडे मी शब्द पाळला. फोरमन खाली इंजिनखोलीत आहे असं मी लिहीत राहिलो. दिग्दर्शकाचा सहायक टेपरेकॉर्डर घेऊन घाटकोपरला जायचा, काका खाटेवरूनच चार वाक्यं बोलायचे आणि ती यानाच्या भोंग्यातून ऐकू यायची. "कप्तान, डावं इंजिन तापलंय, हळू घ्या." मागून चाळीतल्या नळाचा आवाज यायचा. तो इंजिनाचा म्हणून खपून गेला. मग आणखी तेरा भाग मिळाले, आणि पैसे देणाऱ्या कंपनीच्या माणसानं सांगितलं की नुसता आवाज चालणार नाही, इंजिनाशी माणूस दिसला पाहिजे. एक तरुण नट बघून ठेवलेला होता. तो संगणकतज्ज्ञ म्हणून येणार होता.

शेडबाहेर खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो. दिग्दर्शक म्हणाला, "सोपं आहे. फोरमनला उपचारासाठी कुठल्यातरी ग्रहावर ठेव. काका बरे झाले की उचलून आणू."

मी म्हणालो, "नाही. फोरमन मेला पाहिजे."

"का रे? त्या पहिल्या पोरीला ठेवलंच होतं ना ग्रहावर."

"तेच नको. लोक दर आठवड्याला विचारणार, फोरमन कधी येणार. नव्या पोराला कोणी उभं करणार नाही. जुना माणूस पुरता गेल्याशिवाय नवा बसत नाही."

माझा मुद्दा चुकीचा नव्हता, असं मला आजही वाटतं. पण तो खरं कारण नव्हता. खरं कारण असं की तीन वर्षं मी ग्रह आणि स्फोट लिहीत होतो आणि कोणी माझ्या लेखनाबद्दल बोललं नव्हतं. लोक पोशाखांबद्दल बोलत, फोरमनबद्दल बोलत. फोरमनचा मृत्यू मला लिहायचा होता. तो प्रसंग माझ्या डोक्यात काका इस्पितळात असल्यापासून तयार होता. हे मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही.

मृत्यू पडद्यामागेच होणार होता. मग लोकांना कळणार कसं? मी म्हणालो, यानाच्या भिंतीवर फोरमनचा फोटो लावू आणि त्याला चंदनाचा हार घालू. एका नजरेत कळेल, संवादही नको.

दिग्दर्शक हसला. "अंतराळात चंदनाचा हार? मग समई पण लाव."

"बॅटरीचा दिवा लाव. चालतो."

फोटो काकांनी निवडीच्या वेळी दिलेलाच होता, घाटकोपरच्या एका स्टुडिओत काढलेला, केस पाणी लावून मागे बसवलेले. तो मोठा करून आणला. त्या दिवशी मेकअपदादा माझ्याजवळ आले. तेही घाटकोपरला काकांच्याच टेकडीवर राहायचे. आमच्या धंद्यात एक रीत आहे. जिवंत नटाच्या फोटोला हार घालायचा असेल तर आधी त्याला विचारायचं, सेटवर बोलवायचं, शॉट झाला की हातात नारळ द्यायचा, तोंड गोड करायचं आणि हार त्याच्या स्वतःच्या हातानं काढून घ्यायचा. मोठे नटही हे करायला लावतात. मेकअपदादा म्हणाले, "काका येऊ शकत नाहीत म्हणा. पण विचारलंत ना त्यांना?"

मी म्हणालो, "हो. विचारलं."

मेकअपदादा गेले. सेटिंगच्या पोरांनी खिळा ठोकला. हार सारखा घसरत होता म्हणून त्यांनी तो मागून फेव्हिकॉलनं चिकटवला. शॉट पहिल्याच वेळी झाला. नवी वनस्पतिशास्त्रज्ञ फोटोसमोर खरंच रडली.

तो भाग लागला तेव्हा मी घरी होतो. बायको बघत होती. संपल्यावर ती म्हणाली, "फार छान लिहिलंयस." मला काही वाटलं नाही. मी आत जाऊन हात धुतले आणि जेवायला बसलो.

पुढच्या शूटिंगला मेकअपदादा नव्या पोराच्या कपाळावर पावडर लावत होते. माझ्याकडे न बघता ते सांगू लागले. टेकडीवर एका शेजाऱ्याकडे टीव्ही होता आणि त्या संध्याकाळी खोली भरलेली होती. काका शाल पांघरून पुढे बसले होते. हाराचा फोटो आला तसं सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "बघा, फोटो कसो बरो इलो." कोणी हसलं नाही. काकी उठून बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चेंबूरला राहणारा काकांचा साडू रडत आला. त्यानं दुकानाबाहेर उभं राहून टीव्ही अर्धवट बघितला होता. दार काकांनीच उघडलं. म्हणाले, "ये, चहा घे. माझ्या दहाव्याक इलंस काय?"

"काकींनी त्या दिवसापासून काकांकडे धड बघितलं नाही," मेकअपदादा म्हणाले. "आजारी नवऱ्याला असं बघायचं म्हणजे. तुम्ही विचारलं म्हणालात."

नवा पोरगा आरशातून माझ्याकडे बघत होता. मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती. वाटली असेल तर ती कुठंतरी खोल होती, मला ती सापडली नाही. मी शेडमध्ये गेलो आणि त्या दिवसाचे संवाद वाटले.

घाटकोपरला मी गेलो नाही. आज जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत राहिलो.

काका बरे झाले. एका सकाळी ते शेडच्या दाराशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, अंगावर मांस नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत डबा. कामाला आलेल्या माणसासारखे आले होते. दिग्दर्शकानं त्यांना लांबून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "तूच बोल," तो म्हणाला.

मी बाहेर गेलो. काका म्हणाले, "लेखका, इलंय मी. कुठचा सीन?"

"काका, फोरमन गेला."

"ता माका म्हायत आसा. मी टीव्हीवर बघितलंय." ते हसले. "पण तुझी ही विज्ञानकथा ना रे? त्या पोरीक ग्रहावरसून परत आणलंस. कप्तानाचा तोंड बदललंस. मग माका परत आणूक काय होता?"

मी उत्तर तयार ठेवलेलं होतं, कारण हा प्रश्न मी स्वतःला विचारून झाला होता. "हार घातलाय, काका. तोंड बदललं तर लोक मानतात. हार घातलेला माणूस परत आला तर हसतील. मालिकाच जाईल."

त्यांच्या तोंडावर राग नव्हता. ते हिशेब करत असावेत, आता कुठं जायचं याचा. मग म्हणाले, "हार घालूची वेळ इली तेव्हा एकदा घराकडे येवचा होतास."

"हो."

"मी नाय म्हटलं असतंय असा वाटला तुका?"

खरं म्हणजे मला तसंच वाटलं होतं. ते नाही म्हणाले असते तर माझा प्रसंग गेला असता.

"मग तो फोटो तरी दे. घरात दुसरो बरो फोटो नाय."

तोही मी देऊ शकलो नाही. त्यांनी दिलेली लहान प्रत फोटो मोठा करताना गहाळ झाली होती; मोठा केलेला यानाच्या भिंतीवर होता आणि पुढच्या सगळ्या भागांत मागे दिसणार होता. काढला असता तर आधीच्या दृश्यांशी जुळलं नसतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं, शाळेत समजावतात तसं. त्यांनी मान हलवली. शेडच्या दारातून आत भिंतीवर त्यांना तो दिसत असणार. मग ते निघाले. डबा त्यांनी कुठं खाल्ला मला माहीत नाही.

मालिका आणखी काही महिने चालली. दर शूटिंगला तो फोटो माझ्यासमोर असायचा. सुरुवातीला मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो, नंतर तेही करायची गरज उरली नाही. नवा पोरगा बरा नट होता. लोकांनी त्याला स्वीकारलं. माझा मुद्दा खरा ठरला. एका मासिकात फोरमनच्या मृत्यूच्या भागाबद्दल चांगलं छापून आलं, त्यात माझं नाव होतं. मग मालिका बंद झाली, यान मोडलं, प्लायवुड दुसऱ्या कुणीतरी नेलं. फोटोचं काय झालं ते मी विचारलं नाही.

नंतरची दोन-तीन वर्षं मी कचेरी आणि घर एवढंच केलं. दुसऱ्या एका मालिकेसाठी विचारणा झाली तेव्हा वेळ नाही म्हणून सांगितलं. वेळ होता. बायको म्हणायची, "तुझं लक्ष कुठं असतं हल्ली?" कुठंच नसायचं. काका जिवंत आहेत की नाहीत हे मी कोणाला विचारलं नव्हतं. इथं सगळं सांगायचं तर हेही सांगितलं पाहिजे की ते गेले असतील तर बरं, असं एक-दोनदा माझ्या मनात येऊन गेलं. मग काही करायचं उरलं नसतं.

दशक संपता संपता कचेरीच्या कामासाठी घाटकोपरला जाणं झालं. बस सिग्नलला थांबली होती. बाहेर रेशनच्या दुकानासमोर रांग होती आणि रांगेत काका होते. हातात रॉकेलचा डबा. पुढच्या बाईला ते काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती. बस सुटली. मी उतरलो नाही.

पुढच्या रविवारी दुपारी मी टेकडी चढून गेलो. दारात काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले. बस म्हणाल्या नाहीत.

"काकी, माझी चूक झाली," मी म्हणालो. "मी न विचारता—"

"माका काय सांगतंस?" त्या म्हणाल्या. "त्येंका सांग." आणि सूप हलवायला लागल्या.

काका आतल्या खाटेवर पडले होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. उठून बसले. "लेखक काय? ये, बस. बरो म्हातारो झालंस रे तू पण." त्यांचे कान गेले होते. गिरणीतल्या मागांच्या आवाजानं ते आयुष्यभर थोडे थोडे खाल्ले होते, आता उरलेलं संपलं, असं ते स्वतःच म्हणाले. शेजारच्या शाळेत शिपायाचं काम मिळालं होतं, तेही यापायीच सुटलं होतं.

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. येताना वाक्यं जुळवून आणली होती. ती मी खाली बघत, हळू आवाजात म्हणून टाकली.

"काय?" काका म्हणाले. कानाला हात लावला. "मोठ्यान बोल. आयकाक येना नाय."

मी पुन्हा बोललो. आवाज तेवढाच राहिला. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. दारातून काकी म्हणाल्या, "अजून मोठ्यान. चाळीक ऐकू जाऊ दे. तुझा हार चाळीन बघितला."

शेजारच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिच्यामागे तिचा नवरा, हातात वर्तमानपत्र. काकांनी त्यांना हातानं थांबा अशी खूण केली आणि माझ्या तोंडाकडे बघत पुढं वाकले.

मी उभा राहिलो. जुळवून आणलेली वाक्यं आठवेनात. मी ओरडून म्हणालो, "काका, तुमची जागा ठेवतो म्हणून मी शब्द दिला आणि ती मीच घालवली. तुम्हाला परत आणता आलं असतं. मला तो मृत्यू लिहायचा होता, म्हणून तुम्हाला विचारलं नाही आणि विचारलं म्हणून खोटं सांगितलं. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."

काकांनी कानावरचा हात खाली घेतला आणि मान हलवली, ऐकू आलं म्हणून.